मंदावलेला लॅपटॉप : आधी नाडी बघा, मग औषध द्या

घरातले, शेजारचे, ओळखीतले लॅपटॉप दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असतात. घेऊन येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : 'जुना झालाय, टाकूनच द्यावा का आता?' बहुतेक वेळा टाकून द्यायची वेळ आलेली नसते. प्रोसेसर वयामुळे थकत नाही. दहा वर्षांपूर्वी तो सेकंदाला जेवढी आकडेमोड करायचा, तेवढी आजही करू शकतो. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं. डिस्क भरत जाते, न विचारता सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी वाढते, पंख्यात धूळ बसते, आणि दुसरीकडे वेबसाइट व सॉफ्टवेअर दरवर्षी जास्त मेमरी मागत राहतात.

यातलं नेमकं कोणतं दुखणं आपल्या लॅपटॉपला आहे, हे न बघता लोक उपाय करत सुटतात. कुणी फॉरमॅट मारतो, कुणी रॅम (म्हणजे मेमरी) घालून आणतो, कुणी 'बूस्टर' नावाचं काहीतरी डाउनलोड करतो. म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे : आधी पाच मिनिटं बघा, मग हात लावा. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. मॅक असेल तर, काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरऐवजी 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडायचा. निदान करायची रीत तीच.

पहिलं काम : फाइलींची प्रत

हे वाचून पुढे सरकू नका. लॅपटॉप मंद होण्याचं एक कारण असंही असतं की हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहावी लागते म्हणून ती रेंगाळते, आणि आपल्याला वाटतं की कचरा साठलाय.

माझ्या भाचीचा लॅपटॉप असाच आला होता. मी थेट साफसफाईला बसलो. तासाभरात डिस्कमधून बारीक टक्-टक् आवाज यायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला ती डिस्क ओळखूच येईना. तिचे दोन वर्षांचे फोटो त्यात होते. ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून प्रत काढल्याशिवाय मी कुणाच्याही लॅपटॉपला हात लावत नाही.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर त्यावर कॉपी करा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड लोकांच्या हमखास विसरण्यात जातात, तेही खात्याशी सिंक आहेत ना ते बघा. डिस्कवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कॉपी झाल्यावर त्या प्रतीतल्या दोन-चार फाइली उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

मग 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. निळ्या रंगात 'गुड' दिसलं तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसलं तर मधले सगळे उपाय सोडा आणि या लेखातल्या एसएसडीच्या (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कच्या) भागाकडे थेट जा. ती डिस्क बदलायचीच आहे.

नाडी बघायची ती टास्क मॅनेजरमध्ये

लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं तसाच सोडा. सुरुवातीला विंडोज अपडेट, व्हायरस तपासणी, फाइलींची सूची बनवणं अशी कामं एकदम चालू असतात, त्यामुळे तेव्हाचे आकडे फसवे असतात. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. छोटीच खिडकी उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे, त्यावर क्लिक करा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकावर टक्केवारी असेल.

जुन्या लॅपटॉपवर मला सगळ्यात जास्त वेळा जे चित्र दिसतं, ते सांगतो. सीपीयू १२ टक्के. मेमरी ६० टक्के. आणि डिस्कचा रकाना गडद रंगात, १०० टक्के. 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये जाऊन डिस्कवर क्लिक केलं की खरी गंमत कळते : डिस्क पूर्ण गुंतलेली आहे, पण प्रत्यक्षात सेकंदाला एखादा एमबीच वाचला जातोय. म्हणजे काम थोडंसंच आहे आणि धावाधाव प्रचंड. दहा ठिकाणी पसरलेल्या लहान लहान फाइली गोळा करण्यात तिचा सगळा वेळ चाललाय, आणि प्रोसेसर हातावर हात ठेवून वाट बघतोय. हे दिसलं की दुखणं सापडलं : फिरती हार्ड डिस्क. त्याच टॅबमध्ये डाव्या बाजूला डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' की 'एसएसडी' तेही लिहिलेलं असतं.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी तिच्याकडे बघा, जरी डिस्कही १०० वर असली तरी. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. अशा वेळी डिस्क दमते ती रॅमच्या कमतरतेमुळे, आणि डिस्कलाच दोष दिला तर निदान चुकतं.

सीपीयू सतत ९०-१०० टक्के असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. तो ओळखीचा नसेल तर विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण स्कॅन करून घ्या.

एक आकडा मात्र फार कमी लोक बघतात. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूखाली 'स्पीड' लिहिलेला असतो. एखादं जड काम चालू असतानाही तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवरच अडकून बसला असेल, तर प्रोसेसरला कुणीतरी लगाम घातलाय. तो लगाम बहुधा उष्णतेचा असतो. कधी चार्जरचाही असतो : काही लॅपटॉप आपला मूळ चार्जर ओळखू आला नाही किंवा कमी वॉटचा लावला, तर मुद्दाम वेग उतरवतात. दुसरा योग्य चार्जर लावून बघितल्याशिवाय असा लॅपटॉप उघडू नका.

आणि सगळे आकडे खाली असूनही फक्त वेबसाइटच रेंगाळत असतील, तर त्याच वायफायवर फोनमधून तीच साइट उघडा. फोनवरही तेच होत असेल तर तुमचा लॅपटॉप निर्दोष आहे.

पैसे न लागणारे उपाय

रीस्टार्ट करा. खरंच करा, कारण यात एक मेख आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा आधीपासून चालू असते. ती असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून आणली जाते. त्यामुळे रोज रात्री न चुकता लॅपटॉप बंद करणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्येही 'अप टाइम' तेवीस दिवस दिसू शकतो. साठलेला गोंधळ साफ होतो तो 'रीस्टार्ट'ने. आठवड्यातून एकदा करत जा.

मग टास्क मॅनेजरमधलाच 'स्टार्टअप' टॅब उघडा. लॅपटॉप सुरू होताना आपोआप कोणकोण उठतं त्याची ही यादी, आणि शेजारी कुणाचा भार किती तेही लिहिलेलं असतं. गप्पांचं अ‍ॅप, गेमचं लाँचर, व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा मदतनीस, निरनिराळे 'अपडेटर' यांच्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतो. टचपॅड, आवाज, ग्राफिक्स आणि अँटिव्हायरस यांच्या नावांना हात लावू नका. एखादं नाव कळलं नाही तर ते तसंच राहू द्या.

सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन, वर्षभरात न उघडलेलं काढून टाका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक नक्की काढा. दोघंही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. सर्वसाधारण वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस तर रोज फक्त नूतनीकरणाची आठवण करून देतो. तो पहिल्यांदा घालवा.

आता ब्राउझर. आजकाल बहुतेकांचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं आणि मेमरीही तिथेच जाते. एक्स्टेंशनांच्या यादीत जाऊन बघा. आपण कधी घातली ते आठवतही नाही अशी तीन-चार तरी निघतात, ती काढून टाका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज' आहेत. न बघितलेले टॅब ते झोपवून ठेवतात. क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातोय ते थेट दिसतं. नंतर वाचायचं म्हणून चाळीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ते बुकमार्क करून बंद करा. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने पडत नाही.

डिस्कवर जागा मोकळी ठेवा. सी ड्राइव्हचा पाचवा-सहावा हिस्सा तरी रिकामा असावा, नाहीतर अपडेट, तात्पुरत्या फाइली आणि रॅममधून उतरलेला मजकूर यांना जागाच उरत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, मग 'टेम्पररी फाइल्स' असं जा. 'आधीचं विंडोज' अशा अर्थाची नोंद दिसली तर ती एकटीच कितीतरी जीबी अडवून बसलेली असते. नवीन विंडोज नीट चालत असेल तर ती काढायला हरकत नाही. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. त्यावर टिक करून 'रिमूव्ह' दाबलं की तुमचा अख्खा डाउनलोड्स फोल्डर रिकामा होतो. पगाराच्या पावत्या, निकाल, भरलेले फॉर्म असं सगळं लोक तिथेच ठेवतात. ती टिक काढलेली आहे याची दोनदा खात्री करा.

डीफ्रॅगमेंटबद्दल अजून विचारलं जातं. फिरत्या डिस्कवर त्याचा उपयोग होतो, पण विंडोज ते आठवड्याला आपणहून करतं. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही. तिच्यासाठी 'ट्रिम' नावाची वेगळी क्रिया असते आणि तीही विंडोज ओळखून करतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका.

खिडक्या सरकतानाचे, विरघळतानाचे दृश्य परिणाम बंद केले तर थोडा हलकेपणा येतो. स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप केलं की विंडोजचं रूप आणि वेग जुळवण्याचा पर्याय दिसतो. तिथे सगळ्या टिका काढल्या तरी अक्षरांच्या कडा मऊ करणारी, फॉन्टची टिक ठेवा. ती गेली की देवनागरीची जोडाक्षरं दातेरी दिसतात आणि तासभर वाचलं की डोळे दुखतात. पॉवर मोडही बघून घ्या. चार्जर लावलेला असताना वीज वाचवणाऱ्या मोडमध्ये चालवण्यात काही अर्थ नाही.

काय करू नये तेही सांगतो. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी, रॅम मोकळी करणारी, ड्रायव्हर अपडेट करून देणारी जी सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात, त्यांतलं एकही घालू नका. रजिस्ट्रीतल्या फालतू नोंदी काढून वेग वाढत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र विंडोज बिघडतं. आणि रॅम जबरदस्तीने रिकामी केली की तोच मजकूर परत डिस्कवरून आणावा लागतो, म्हणजे काम वाढतंच. विंडोज अपडेट कायमचं बंद करण्याचा सल्लाही ऐकू नका.

पंखा, धूळ आणि उष्णता

लॅपटॉप सुरू केल्यावर पंधरा मिनिटं छान चालतो आणि मग गळपटतो, पंखा घरघरतो, कीबोर्डचा वरचा भाग हाताला चटका देतो, अशी लक्षणं असतील तर हा भाग तुमच्यासाठी आहे. प्रोसेसरचं तापमान साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचलं की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. हे संरक्षण आहे, बिघाड नाही. बिघाड उष्णता बाहेर न जाण्यात आहे.

सगळ्यात सोपं आधी : गादीवर, उशीवर, मांडीवरच्या पांघरुणावर लॅपटॉप ठेवू नका. हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला असतात आणि कापडाने त्या बंद होतात. टेबलावर ठेवून मागची बाजू बोटभर उंच केली तरी फरक जाणवतो.

एकदा आठ वर्षं न उघडलेला लॅपटॉप मी उघडला. पंख्याची पाती जवळजवळ स्वच्छ होती. मालकाने बाहेरून फुंकर घालून तेवढी साफ ठेवली होती. पण पंखा आणि तांब्याच्या बारीक जाळीमध्ये जी फट असते, तिथे राखाडी धुळीचा थर बसला होता. चिमट्याने एक टोक धरून ओढला तर लोकरीच्या पट्टीसारखा अखंड निघाला. पंखा पूर्ण जोरात फिरत होता आणि हवा जाळीपर्यंत पोचतच नव्हती. तेवढी पट्टी निघाल्यावर लॅपटॉप पुन्हा नीट चालू लागला. बाहेरून फुंकणं पुरत नाही ते यासाठी.

उघडायचं धाडस असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. तुमच्याच मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लहान स्क्रूच्या जागी लांब घातला तर तो वरच्या बाजूला रुततो. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा आणि कुठल्याही पार्टला हात लावण्यापूर्वी धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवा. हवेचा फवारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकाट फिरू दिला तर त्याचा बेअरिंग खराब होतो.

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते. ती बदलायला तांब्याची नळी काढावी लागते, आणि पहिल्यांदाच लॅपटॉप उघडणाऱ्याने ते काम जाणकाराला द्यावं असं माझं मत आहे.

आत बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. तिला दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. ती बदलल्याशिवाय तो लॅपटॉप वापरायचा नाही.

रॅम वाढवावी का?

नाडी बघताना मेमरी कायम भरलेली दिसली असेल तरच. ६० टक्क्यांवर असलेल्या मेमरीत आणखी भर घालून काहीच मिळत नाही. आजच्या ब्राउझरला ४ जीबी तोकडी पडते, ८ जीबीमध्ये घरचं आणि ऑफिसचं काम निभतं.

टास्क मॅनेजरच्या मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. 'दोनपैकी एक' असेल तर एक जागा रिकामी आहे. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते आणि तिथेही स्लॉटसारखं काहीतरी लिहून येतं, म्हणून मॉडेलचं नाव शोधून खात्री करा. डीडीआर३, डीडीआर३एल आणि डीडीआर४ हे रॅमचे वेगवेगळे प्रकार आहेत. डीडीआर३ आणि डीडीआर४ची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या आणि बसतातही, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवरही. कमी व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ घातली तर तो सुरूच होत नाही. आणि ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरता येत नाही. आधी ६४ बिट घालावं लागेल.

एसएसडी : जुन्या लॅपटॉपचं खरं औषध

तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल आणि एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल, तर तो इथे करा.

कारण समजून घ्या. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्यात सुईला योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ मिळवायचा. अशा चालीने ती सेकंदाला फार तर शंभरेक वेगवेगळ्या जागा गाठू शकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. कुठल्याही जागेवरचा मजकूर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास हाती येतो. म्हणून डिस्क बदलल्यावर दोन-तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो. प्रोसेसर तोच, रॅम तीच.

विकत घेण्याआधी जागा बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याचा जुना प्रकार) डिस्क असते. तिथे अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. जुनी ९.५ मिलिमीटर जाड असेल आणि नवी ७, तर मध्ये एक पातळ चौकट घालायची. त्यापेक्षा थोड्या नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची लांबट जागा असते. ती साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी), हे मॉडेलच्या माहितीत बघितल्याशिवाय खरेदी करू नका. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, पण साटापुरत्या जागेत एनव्हीएमई चालत नाही. साटाची जोडणी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जातच नाही, त्यामुळे तिच्यासाठी सगळ्यात वेगवान म्हणून मिरवणारी महाग एसएसडी घेऊन फायदा नाही. नावाजलेल्या कंपनीची साधी पुरते.

आता जुनं विंडोज जसंच्या तसं उचलायचं की नव्याने घालायचं? माझा कौल नव्याने घालण्याला. जसंच्या तसं उचललं तर वर्षांचा कचराही सोबत येतो. मात्र पुन्हा इन्स्टॉल करता येणार नाही असं एखादं परवान्याचं सॉफ्टवेअर असेल, तर 'क्लोनझिला' या मोफत साधनाने क्लोन करा. त्यासाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असलेली बरी.

नव्याने घालायची रीत अशी :

१. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून त्यावर विंडोज तयार करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

२. सेटिंग्ज, सिस्टिम, 'अबाउट'मध्ये तुमचं विंडोज होम आहे की प्रो, ते लिहून ठेवा आणि 'अ‍ॅक्टिव्हेशन'मध्ये ते सक्रिय आहे ना बघा.

३. लॅपटॉप पूर्ण बंद करून वर सांगितल्याप्रमाणे उघडा, बॅटरीची जोडणी सोडवा, जुनी डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवा. जुनी डिस्क बाहेरच ठेवा, म्हणजे इन्स्टॉल करताना चुकून ती पुसली जाण्याची शक्यताच उरत नाही.

४. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) कळ दाबत राहा. कंपनीनुसार ती बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते.

५. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा आणि पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्या. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असेल तर इंटरनेट मिळताच तो आपोआप लागू होतो.

६. सगळे अपडेट होऊ द्या, एकदा रीस्टार्ट करा, आणि मगच प्रतीवरून आपल्या फाइली आणा.

जुनी डिस्क महिनाभर जशीच्या तशी ठेवा. काय राहिलं ते दोन-तीन आठवड्यांनी आठवतं. नंतर ती धड असेल तर यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. 'कॉशन' दाखवणारी मात्र वापरू नका.

काही स्वस्त, लहान लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण बोर्डावरच डाखलेली असते. ती बदलता येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये एवढाच आकडा दिसला तर एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपमध्ये एखादी मोकळी जागा आहे का ते तपासा.

विंडोज कोणतं, की लिनक्स?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर बहुतेक करून चालतात, त्याआधीचे जवळजवळ सगळे यादीबाहेर आहेत. अटी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या आहेत, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. पुढे अपडेट मिळतच राहतील याची हमी अशा लॅपटॉपला नसते.

यादीबाहेरच्या लॅपटॉपसाठी मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, आणि तिच्यातली 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. २ जीबी रॅमवर ती सुरू होते, ४ जीबीवर समाधानाने चालते. डिस्कवर न घालता पेनड्राइव्हवरूनच ती चालवून बघता येते. एक दिवस तशी वापरा. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर नीट जागं होतंय का, प्रिंटर चालतोय का हे बघा. पेनड्राइव्हवरून चालताना ती सावकाश असते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट मांडणी तिच्यात आहे, कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस आहे, फायरफॉक्स आधीपासून असतं. फोटोशॉप किंवा फक्त विंडोजसाठीच बनलेलं एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर तुमच्या पोटापाण्याशी जोडलेलं असेल, तर मात्र लिनक्सवर जाऊ नका.

आणि हे सगळं बघूनही रॅम २ जीबीच, तीही डाखलेली, साठवण ३२ जीबीची ईएमएमसी असं निघालं, तर त्यावर पैसे घालू नका. तसा लॅपटॉप लिनक्स घालून एकाच कामाला द्या : लिहिण्याला, गाणी ऐकण्याला, मुलांच्या टंकलेखनाच्या सरावाला. तेवढंही नको असेल तर देऊन टाकण्याआधी आपल्या खात्यांमधून बाहेर पडा, बिटलॉकरची रिकव्हरी की खात्यातून पुसून टाका, आणि 'रिसेट धिस पीसी'मध्ये सगळं काढायचा पर्याय निवडून, ड्राइव्ह पूर्ण पुसण्याची टिक लावून रात्रभर चालू द्या.